जिनिव्हाचा आग्रह, न्यूयॉर्कला नकार

नोव्हेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात राजधानीचे सारे लक्ष पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांकडे लागले होते. त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबर रोजी, न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या समितीपुढे ऑस्ट्रियाच्या पुढाकाराने आलेला एक ठराव मताला टाकण्यात आला. माणसाच्या निर्णयाविना लक्ष्य निवडून त्यावर प्रहार करू शकणाऱ्या स्वायत्त शस्त्रांविषयी सदस्य देशांची मते महासचिवांनी मागवावीत आणि अहवाल सादर करावा, एवढीच त्यातील मुख्य मागणी होती. बंदी नव्हती, कराराचा मसुदा नव्हता. ठरावाच्या बाजूने १६४ मते पडली आणि विरोधात अवघी पाच. रशिया, बेलारूस, माली, नायजर या चार देशांच्या रांगेतील पाचवे नाव भारताचे होते.

पुढच्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, आमसभेत अंतिम मतदान झाले. १४६ खासदारांच्या निलंबनाने गाजलेले संसदेचे हिवाळी अधिवेशन आदल्याच दिवशी आटोपले होते, त्यामुळे दिल्लीत त्याची दखल घ्यायला कोणी मोकळे नव्हते. १५२ विरुद्ध चार अशा फरकाने ठराव संमत झाला आणि त्या चारांतही भारत होता. चीनने तटस्थ राहण्याचा शहाजोगपणा दाखवला, अमेरिकेने बाजूने मत दिले आणि पाकिस्ताननेही. बुद्ध आणि गांधींचा वारसा सांगणारा, १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या तोंडून याच आमसभेत अण्वस्त्रमुक्त जगाचा कृतिकार्यक्रम मांडणारा देश रशिया आणि बेलारूसच्या पंक्तीला का जाऊन बसला, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. तो विचारायला हवा होता, कारण त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

वस्तुतः या विषयातील जागतिक चर्चेला पहिले वळण लावले ते भारतानेच. १९८० च्या ‘विवक्षित पारंपरिक शस्त्रे’ करारांतर्गत जिनिव्हा येथे स्वायत्त शस्त्रांवर अनौपचारिक बैठका २०१४ पासून सुरू होत्या. डिसेंबर २०१६ मधील पाचव्या आढावा परिषदेने त्यासाठी सरकारी तज्ज्ञांचा औपचारिक गट नेमला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची पहिली बैठक झाली, तेव्हा अध्यक्षस्थानी होते भारताचे निःशस्त्रीकरण परिषदेतील राजदूत अमनदीपसिंग गिल. २०१८ मध्येही अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. शस्त्र वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहील, ती यंत्राकडे सोपवता येणार नाही, आणि युद्धविषयक मानवतावादी कायदा या शस्त्रांनाही पूर्णांशाने लागू राहील, ही मार्गदर्शक तत्त्वे त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आली. २०१९ मध्ये त्यांत एकाची भर पडून ती अकरा झाली. आज जगात या विषयावर सर्वमान्य म्हणून जे काही आहे, ते हेच. गिल पुढे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे तंत्रज्ञानविषयक दूत झाले. ज्या महासचिवांनी, म्हणजे आंतोनियो गुटेरेस यांनी, जुलै २०२३ मध्ये बंधनकारक करारासाठी २०२६ ची मुदत सुचवली, त्यांच्याच कार्यालयात एक भारतीय मुत्सद्दी या विषयाचा जाणकार म्हणून बसलेला आणि भारताचे शिष्टमंडळ मात्र त्या मुदतीच्या विरोधात, असे हे चित्र आहे.

भारताचा अधिकृत युक्तिवाद असा की, या विषयाचे घर जिनिव्हा हेच आहे. तिथे लष्करीदृष्ट्या महत्त्वाचे सर्व देश एका टेबलाशी बसतात, लष्करी गरज आणि मानवतावाद यांचा तोल तिथे सांभाळला जातो, आणि न्यूयॉर्कमध्ये समांतर चूल मांडल्यास जिनिव्हाची चूल विझेल. शिवाय बंधनकारक कराराची वेळ अद्याप आलेली नाही. ज्या शस्त्राची व्याख्याच ठरलेली नाही, त्यावर करार कसा करणार? यात तथ्य नाही असे नाही. तथापि जिनिव्हात निर्णय होतो तो सर्वसंमतीने, म्हणजे एका देशाने मान हलवली तरी गाडी अडते. डिसेंबर २०२१ मधील सहाव्या आढावा परिषदेत कराराच्या वाटाघाटी सुरू करण्याचा प्रयत्न असाच अडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तज्ज्ञगटाला नवे काम देण्यात आले, तेही एखाद्या दस्तऐवजाचे ‘घटक’ तयार करण्याचे. त्या दस्तऐवजाचे स्वरूप काय असेल, हे हेतुपुरस्सर मोघम ठेवण्यात आले. सातव्या आढावा परिषदेसाठी मुक्रर झालेले वर्ष २०२६ हेच आहे. तेव्हा जिनिव्हाचा आग्रह हा कामासाठी आहे की काम न होण्यासाठी, अशी शंका इतर देशांना आली तर त्यांना दोष देता येत नाही.

व्याख्येच्या प्रश्नावर चीनने २०१८ मध्ये सादर केलेला कागद या संदर्भात मोठा उद्बोधक आहे. पूर्णतः स्वायत्त, एकदा सोडल्यावर कोणत्याही उपायाने न थांबणारे, कोणाला मारायचे याचा भेद न करणारे, आणि माणसाच्या अपेक्षेपलीकडे स्वतःच शिकत जाणारे प्राणघातक शस्त्र, अशी त्याची ढोबळ व्याख्या. असे शस्त्र कोणत्याही सेनापतीला नकोच असते. जे आपल्या ताब्यात राहत नाही ते विकत कोण घेईल? अस्तित्वात नसलेल्या वस्तूवर बंदी घालण्याची तयारी दाखवायची आणि अस्तित्वात असलेल्या सर्व वस्तू मोकळ्या ठेवायच्या, असा हा मामला. त्याच चीनच्या २०१९ च्या संरक्षण श्वेतपत्रिकेत युद्धाचे स्वरूप ‘बुद्धिमत्ताधारित’ युद्धाकडे वळत असल्याची नोंद आहे.

भारताच्या नकाराचे खरे मूळ मात्र व्याख्येत नाही. ते स्मृतीत आहे. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने जगाची विभागणी ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांच्याकडे नाही अशी कायमची केली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुइंधन पुरवठादारांनी भारताभोवती कुंपण घातले. १९९६ मध्ये अणुचाचणीबंदी करारावर जिनिव्हात अरुंधती घोष यांनी भारताचा नकार ठामपणे नोंदवला, तेव्हा दिल्लीतील सर्व पक्ष त्यांच्या पाठीशी होते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने सर्वोच्च क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिला, आणि त्यातूनच पुण्यात ‘सीडॅक’ उभी राहून विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ घडला, ही कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या कथेचा अभिमान रास्त आहे. पण परराष्ट्र व संरक्षण मंत्रालयांतील दोन पिढ्यांनी तिच्यातून घेतलेला धडा असा की, निःशस्त्रीकरणाच्या प्रत्येक उदात्त मसुद्याच्या तळाशी तंत्रज्ञान नाकारण्याचे एक कलम दडलेले असते.

हा धडा कालबाह्य झाला आहे असे म्हणण्याची सोय जगाने ठेवलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये पायउतार होता होता बायडेन प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रगत चिप्सच्या निर्यातीचे नियम जाहीर केले. त्यांत निकटचे मित्र म्हणून अठरा देशांना मोकळीक होती. भारत त्या यादीत नव्हता. ट्रम्प प्रशासनाने मे २०२५ मध्ये ते नियम मागे घेतले खरे, परंतु जे एका फटक्यात मागे घेता येते ते दुसऱ्या फटक्यात परतही आणता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे वैशिष्ट्य हे की, पिकावरील रोग ओळखणारी आणि रणगाडा ओळखणारी आज्ञावली मूलतः एकाच जातीची असते. शस्त्रावर निर्बंध घालायला गेलेला करार उद्या त्या सामाईक पायावर घसरणार नाही, याची हमी कोण देणार, असा प्रश्न भारतीय वाटाघाटीकार विचारतात. तो प्रश्न अनाठायी नाही.

अर्थात स्मृती एका बाजूला आणि सीमा दुसऱ्या बाजूला. ८ व ९ मे २०२५ च्या रात्री, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे भारतीय लष्कराने दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत सांगितले. त्यांतील काही तुर्की बनावटीचे होते. यातील बहुतेक यंत्रे फार हुशार नव्हती. भारताची रडारे आणि तोफा कुठे आहेत हे उघड व्हावे, यासाठीच ती पाठवली असावीत, असा लष्कराचा अंदाज होता. पण आकाशात एकाच वेळी शेकडो ठिपके उमटतात, तेव्हा कोणता ठिपका खेळणे आणि कोणता स्फोटकाने भरलेला, हे रडारच्या पडद्यापुढे बसलेल्या जवानाने एकेक करून ठरवणे शक्य नसते. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘आकाशतीर’ या यंत्रणेने विविध रडारांचे चित्र एकत्र जुळवून कोणत्या तोफेने कोणते लक्ष्य घ्यावे हे सुचवण्याचे काम केले आणि त्याचे कौतुकही झाले. भारताच्या बाजूनेही घिरट्या घालत लक्ष्य शोधणारी ‘हारोप’सारखी शस्त्रे वापरली गेली.

मराठी मुलुखाचा या शस्त्रांशी संबंध आहे तो नागपूरमुळे. तेथील सोलर इंडस्ट्रीजच्या कंपनीने बनवलेल्या ‘नागास्त्र-१’ या आत्मघाती ड्रोनची ४८० नगांची मागणी लष्कराने नोंदवली आणि २०२४ मध्ये त्याची पहिली खेप लष्कराच्या हाती पडली. लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर हे शस्त्र परत बोलावता येते, पॅराशूटने उतरवता येते. हा गुण तांत्रिक वाटला तरी जिनिव्हातील साऱ्या वादाचा गाभा तोच आहे. सोडलेले शस्त्र माणसाला परत बोलावता येते की नाही? याच कंपनीच्या ‘भार्गवास्त्र’ या ड्रोनविरोधी सूक्ष्म अग्निबाणांची चाचणी ओडिशातील गोपाळपूर येथे १३ मे २०२५ रोजी झाली. योगायोग असा की, १२ आणि १३ मे या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये स्वायत्त शस्त्रांवर आमसभेच्या छत्राखालील पहिली अनौपचारिक बैठक चालू होती. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील गोळीबार थांबून तेव्हा जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते.

स्वायत्ततेकडे जग सरकते आहे ते कोणा माथेफिरू शास्त्रज्ञाच्या हौसेने नव्हे. युक्रेनच्या रणभूमीवर दोन्ही बाजूंनी ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यातील रेडिओसंपर्क तोडण्याची साधने इतकी दाटली की, शेवटच्या काही शे मीटरांत ड्रोन आंधळा होऊ लागला. त्यावर उपाय म्हणून लक्ष्यावर एकदा खूण केली की पुढचा प्रवास ड्रोनने आपल्या कॅमेऱ्याच्या आणि चिपच्या बळावर पुरा करावा, अशी योजना आली. आज लक्ष्य माणूस ठरवतो आणि यंत्र फक्त पाठलाग करते; उद्या ‘या चौकोनात जो रणगाडा दिसेल तो’ एवढेच सांगितले जाईल; परवा चौकोन मोठा होईल. कोणत्याही एका दिवशी कोणी सीमारेषा ओलांडली असे म्हणता येणार नाही, आणि ती ओलांडली गेलेली असेल. लिबियात २०२० मध्ये तुर्की ‘कार्गू-२’ ड्रोनने माघार घेणाऱ्या तुकड्यांचा स्वतःहून माग काढल्याचा उल्लेख संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीने २०२१ च्या अहवालात केला. त्यात कोणी दगावले की नाही, हे त्या अहवालातून निश्चित होत नाही. पहिला बळी कोणाचा, हे इतिहासाला कदाचित कधीच सांगता येणार नाही.

गाझामधील प्रकार वेगळा, आणि एका अर्थी अधिक गंभीर. तिथे गोळी झाडणारे यंत्र नव्हते, यादी करणारे यंत्र होते. इस्रायली पत्रकारांनी एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार ‘लॅव्हेंडर’ या प्रणालीने सुमारे ३७ हजार पॅलेस्टिनींची संशयित म्हणून नोंद केली आणि काही वेळा एका नावाच्या पडताळणीला अधिकाऱ्यांनी वीसेक सेकंद दिले. ही प्रणाली म्हणजे केवळ माहितीचा संग्रह आहे, लक्ष्य माणूसच ठरवतो, असे इस्रायली लष्कराने त्यावर सांगितले. कागदोपत्री ते खरेही असू शकेल. माणूस निर्णयसाखळीत आहेच. प्रश्न एवढाच की वीस सेकंदांत तो निर्णय घेतो की शिक्का मारतो. जिनिव्हातील ‘मानवी नियंत्रण’ या शब्दप्रयोगाला किती सेकंदांचे नियंत्रण अभिप्रेत आहे, हे तेथील अकरा तत्त्वांत कुठेही लिहिलेले नाही.

यंत्राच्या बाजूने बोलणारे म्हणतात, माणूस काय कमी चुकतो? त्यांच्या हाताशी भारतातलाच एक दाखला आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरच्या आकाशात दोन्ही देशांची विमाने एकमेकांसमोर होती. त्याच सकाळी श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय वायुदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक ठार झाला. ते शत्रूने पाडले नव्हते. श्रीनगर तळावरच्या आपल्याच ‘स्पायडर’ क्षेपणास्त्राने पाडले होते. तत्कालीन वायुदलप्रमुख राकेशकुमारसिंह भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ही मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. शत्रू-मित्र ओळखणारी यंत्रणा नीट वापरली गेली असती, थकलेल्या आणि ताणाखालील अधिकाऱ्याऐवजी शांत डोक्याचे यंत्र असते, तर हे टळले असते, असा युक्तिवाद त्यावरून करता येतो.

परंतु २००३ च्या इराक युद्धात नेमके असेच ‘शांत डोक्याचे’ यंत्र होते. अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रप्रणालीने तेव्हा ब्रिटनचे टोर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले आणि दोन वैमानिक गेले. काही दिवसांत अमेरिकेचेच एफ-१८ पाडले, त्यात एक गेला. यंत्राने दाखवलेल्या लक्ष्यावर शंका घेण्याइतका वेळ आणि धीर माणसांकडे उरला नव्हता. बडगाम आणि इराक यांतला फरक चुकीचा नाही, तर चुकीनंतरचा आहे. बडगामनंतर चौकशी झाली, नावे निश्चित झाली, अधिकाऱ्यांना लष्करी न्यायालयाला सामोरे जावे लागले. मृतांच्या कुटुंबांना निदान कोणाकडे बोट दाखवायचे हे कळले. लाखो छायाचित्रांवर शिकवलेली आज्ञावली चुकते, तेव्हा लष्करी न्यायालयापुढे कोणाला उभे करायचे? ज्याने ती लिहिली त्या बंगळुरूच्या अभियंत्याला, ज्याने ती खरेदी केली त्या सचिवाला, की ज्याने फक्त बटण चालू केले त्या सुभेदाराला? नव्या शस्त्राची कायदेशीर तपासणी वापरापूर्वीच करावी, असे बंधन जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यातील ३६ व्या कलमाने घातले आहे. भारत मूळ करारांचा सदस्य आहे, या पूरक मसुद्याचा नाही.

याहून अस्वस्थ करणारी घटना ९ मार्च २०२२ ची. त्या संध्याकाळी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या हद्दीत सव्वाशे किलोमीटर आत मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटक नव्हते, प्राणहानी झाली नाही. ऑगस्टमध्ये वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये त्या संध्याकाळी काही घडले नाही, याचे मुख्य कारण असे की, पलीकडे रडारच्या पडद्यापुढे माणसे बसली होती, त्यांना ते क्षेपणास्त्र एकटेच येताना दिसले, आणि एकट्या क्षेपणास्त्राने कोणी युद्ध सुरू करत नाही एवढे व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी होते. पाकिस्तानी वायुदलाने २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले आहे. भारतातही तीच दिशा आहे. पुढच्या वेळी पडद्यापुढची खुर्ची रिकामी असावी की भरलेली, हा प्रश्न भारताच्या दृष्टीने तात्त्विक नाही. तो अंबाला, जोधपूर आणि पठाणकोट या शहरांचा प्रश्न आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा येथे ज्यो बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्राच्या वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहील, यावर सहमती नोंदवली. एकमेकांचे वैरी म्हणवणाऱ्या दोन महासत्तांना एवढे एक वाक्य तरी मान्य करता आले. भारत आणि पाकिस्तान यांच्यात असे वाक्य नाही.

दिल्लीच्या तयारीचे चित्र संमिश्र आहे. टाटा सन्सचे प्रमुख एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि त्यानुसार २०१९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक परिषद व एक प्रकल्प संस्था अस्तित्वात आली. तिच्यासाठी वर्षाला शंभर कोटी रुपयांची तरतूद ठरली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नागरी ‘इंडिया एआय’ मोहिमेचा आकडा १० हजार ३७२ कोटींचा आहे, हे पाहता ही रक्कम दक्षिणेसारखीच म्हणावी लागेल. जुलै २०२२ मध्ये राजनाथसिंह यांनी एकाच दिवशी ७५ उत्पादनांचे लोकार्पण केले; स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाशी आकडा जुळवण्याची दिल्लीची ही हौस जुनी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी लष्करी कृत्रिम बुद्धिमत्तेची विश्वासार्हता तपासण्याची चौकट जाहीर केली. हे पाऊल निश्चित महत्त्वाचे. तथापि विश्वासार्हता आणि अधिकार या दोन गोष्टी आहेत. यंत्र किती अचूक आहे हे एक. त्याला मारण्याची मुभा कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या सहीने, हे दुसरे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या दुसऱ्या प्रश्नावर २०१२ मध्येच जाहीर निर्देशपत्र काढले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते सुधारले. ते पुरेसे आहे की नाही यावर वाद घालता येतो, कारण ते वाचता येते. भारताने असे निर्देशपत्र जाहीर केलेले नाही.

मुत्सद्देगिरीच्या आघाडीवर तर भारत प्रत्येक दारात उभा आणि कुठल्याच घरात नाही, अशी स्थिती आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये हेगला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सोलला लष्करी कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिषदा झाल्या. त्यांच्या निवेदनांवर भारताची मोहोर नाही. अमेरिकेने पुढे केलेल्या राजकीय जाहीरनाम्याला पन्नासाहून अधिक देशांनी मान्यता दिली. ‘क्वाड’मधील जपान व ऑस्ट्रेलिया त्यात आहेत, भारत नाही. त्याच अमेरिकेशी फेब्रुवारी २०२५ मध्ये नरेंद्र मोदी यांच्या वॉशिंग्टन भेटीत स्वायत्त संरक्षण प्रणालींच्या संयुक्त उत्पादनाची आघाडी जाहीर झाली. म्हणजे शस्त्रे एकत्र बनवायची, नियम मात्र ज्याचे त्याने पाहायचे. फेब्रुवारी २०२६ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमात कृत्रिम बुद्धिमत्तेची जागतिक परिषद भरली. तिच्या विषयसूचीची सात ‘चक्रे’ होती. मनुष्यबळ होते, सर्वसमावेशकता होती, विज्ञान होते. युद्धासाठी आठवे चक्र नव्हते.

आमसभेतील भारताचे मत २०२४ मध्ये थोडे हलले. त्या वर्षीच्या ठरावाला १६६ देशांनी पाठिंबा दिला, रशिया, बेलारूस व उत्तर कोरिया विरोधात गेले आणि भारत तटस्थ राहिला. विरोधाकडून तटस्थतेकडे हे एक पाऊल कोणत्या फेरविचाराने पडले, याचे स्पष्टीकरण देशात कोणी मागितले नाही. दरम्यान वारे उलट दिशेनेही वाहू लागले. २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने याच विषयावर आपली भूमिका फिरवून विरोधी मत नोंदवले. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारातून लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या रशियाच्या शेजाऱ्यांनी २०२५ मध्ये माघारीचा मार्ग धरला. मोठ्या देशांना बाहेर ठेवून केलेले करार संकट आले की टिकत नाहीत, असे म्हणणाऱ्या दिल्लीतील वास्तववाद्यांना यातून बळ मिळाले असेल तर नवल नाही.

तरीही ओटावाची आठवण दोन्ही बाजूंनी वाचता येते. तो करार जिनिव्हाबाहेर झाला, कारण जिनिव्हात सर्वसंमतीच्या नावाखाली काही होत नव्हते. २००८ चा क्लस्टर बॉम्बवरील करारही तसाच बाहेर झाला. भारत दोन्हींत नाही आणि दोन्हींच्या मसुद्यातील एका शब्दावरही भारताची छाप नाही. याउलट १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी करारात भारत सुरुवातीपासून होता. आपल्याकडील साठा त्याने १९९७ मध्ये जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्टही केला. त्या करारात मोठे-लहान असा भेद नव्हता आणि तपासणीचे नियम भारतीय वाटाघाटीकारांच्या डोळ्यांदेखत लिहिले गेले होते. भेदभावरहित आणि सार्वत्रिक कराराला भारत होकार देतो, हे दाखवणारा हा दाखला दिल्लीच्या हाती असताना स्वायत्त शस्त्रांबाबत ‘वेळ आली नाही’ एवढेच सांगत राहणे हे अनुभवाचे दारिद्र्य म्हणावे लागेल. नागरी तंत्रज्ञानाला हात न लावता शस्त्राच्या वापरावर, परत बोलावण्याच्या क्षमतेवर आणि अण्वस्त्रांच्या आज्ञाप्रणालीवर मर्यादा घालणारा मसुदा भारत स्वतः मांडू शकतो. गिल यांच्या अध्यक्षतेखाली त्याची निम्मी मजुरी झालेलीच आहे.

त्याहून जवळचे काम वाघ्याच्या, म्हणजे अटारीच्या पलीकडे आहे, आणि ते सध्याच्या वातावरणात बोलण्याजोगेही राहिलेले नाही. एप्रिल १९९१ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान यांची लढाऊ विमाने एकमेकांच्या हवाई हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत उडत नाहीत. लढाऊ, बॉम्बफेकी, टेहळणी विमाने आणि सशस्त्र हेलिकॉप्टरे अशी त्यातली यादी त्या काळातली आहे. ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार दोन्ही देश बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची पूर्वसूचना एकमेकांना देतात. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात बसत नाहीत, ड्रोन तर नाहीतच. १९८८ च्या करारानुसार अणुप्रकल्पांच्या याद्या मात्र दरवर्षी १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी अदलाबदल होतात. कारगिलच्या वर्षानंतरही त्या झाल्या, मुंबईवरील हल्ल्यानंतरही झाल्या. ‘सिंदूर’नंतरच्या पहिल्या १ जानेवारीलाही, २०२६ मध्ये, दोन्ही राजधान्यांतील अधिकाऱ्यांनी पाकिटे नेहमीप्रमाणे एकमेकांच्या हाती दिली.